खाट नंबर सात रिकामी करू नये

त्या संध्याकाळच्या भागात सात नंबरच्या खाटेवरचा पेशंट मेला. अगदी रीतसर मेला. डॉक्टरांनी नाडी पाहिली, मान हलवली, चादर तोंडावर ओढली आणि साबणाची जाहिरात लागली.

आता हे झालंच नाही असं समजून पुढे जायचं. त्या घरात तसा नियमच होता. सात नंबरचा पेशंट म्हणजे त्या घरातले बाबा, आणि बाबा कुठेही गेलेले नाहीत, शूटिंगला गेले आहेत, अशी आईची अधिकृत भूमिका होती. बाबांना खरोखर जाऊन कित्येक महिने लोटले होते, ही गोष्ट निराळी.

ती हॉस्पिटलची मालिका इतकी जुनी होती की तिचा पहिला भाग पाहिलेला माणूस आता सापडत नसे. मोठा डॉक्टर सुरुवातीला शिकाऊ होता. मग त्याची दोन लग्नं झाली, दोन्ही एकाच नर्सशी. मध्ये त्याची स्मृती गेली, परत आली, येताना एक जुळा भाऊ घेऊन आली. हॉस्पिटलला आग लागली, पूर आला, गच्चीवर विमान पडलं. एवढ्या धामधुमीत एक गोष्ट मात्र जागची हलली नाही. वॉर्डाच्या कोपऱ्यात, खिडकीखाली, सात नंबरच्या खाटेवर एक माणूस पडलेला असे. त्याला काय झालंय हे कोणी विचारत नसे आणि त्याला घरीही सोडत नसे. आग लागली तेव्हा अख्खा वॉर्ड पळाला, हा तेवढा पडून राहिला. त्याला उठायला सांगायचं दिग्दर्शकाच्या डोक्यातून निघून गेलं होतं.

बाबांचा धंदाच तो. सकाळी डबा घेऊन निघायचं, कपडे बदलून आजारी पडायचं आणि संध्याकाळी बरं होऊन घरी यायचं. लेखकांनी त्यांना आजार दिला नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःच एक निवडला. लिव्हर. कॅमेरा भलतीकडे असला तरी ते उजव्या बाजूला बारीक कळ आल्यासारखं करत.

"आज जरा बरं होतं लिव्हर," जेवताना ते सांगत.

"मग सोडतील का लवकर?" आई विचारी.

"वाईट बोलू नकोस. सोडलं तर खायचं काय?"

समोरच्या घरातल्या काकूंचा मालिकेवर पूर्ण विश्वास होता, बाबांवर नव्हता. भाजीची पिशवी घेऊन जिना चढणारे बाबा दिसले की काकू दारातच कपाळाला हात लावत. "अहो, काय हे! काल तर तुम्हाला सलाईन लावलेलं होतं!" बाबा कोणाचं मन मोडत नसत. ते कठड्याला धरून उभे राहत, थोडं धापत आणि म्हणत, "हळूहळू चढतोय, वहिनी."

आणि बाबा गेल्यावरही रोज संध्याकाळी ते वॉर्डात दिसत राहिले. यात भुताटकी काही नव्हती. मालिकेचे भाग बरेच आधी काढून ठेवलेले असतात, शिवाय वॉर्डाची जुनी दृश्यं पुन्हा पुन्हा वापरतात. मुलीला हे माहीत होतं, आईलाही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि रोज दिवेलागणीला बाहेरच्या खोलीत आपलं माणूस खिडकीखाली श्वास घेताना दिसणं वेगळं.

आई उभी हयात एका कचेरीत आवक-जावक बघत होती. कुठलाही निर्णय शेवटचा नसतो, वरच्याकडे अर्ज करता येतो, एवढं एकच तत्त्वज्ञान तिने तिथून निवृत्त होताना घरी आणलं होतं. बाबांच्या मृत्यूचा दाखला आला तेव्हा तिने तो चष्मा लावून वाचला, वर डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'प्रलंबित' लिहिलं आणि कपाटात ठेवून दिला. रडली नाही. भेटायला आलेल्या नातेवाइकांना तिने चहा दिला आणि सांगितलं, "तब्येत स्थिर आहे." नातेवाइकांनी एकमेकांकडे पाहिलं, चहा संपवला आणि चपला शोधल्या.

बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर आता कोणी बसत नसे. तरी रोज सकाळी त्याच्या चादरीला मधोमध खळगा दिसे आणि आई ती ओढून सरळ करी. "उठताना चादर ओढायची म्हणून पद्धत नाही या माणसाला," ती पुटपुटे. मुलगी दुसरीकडे बघे. दिवाणाची स्प्रिंग दबली आहे हे तिला कळत होतं. पण स्प्रिंग रोज नव्याने दबते का, हे तिने कधी वाकून पाहिलं नाही.

आणि घरात बिस्किटं येणं बंद झालं होतं. का, ते कोणी कोणाला विचारलं नाही.

मुलगी चष्म्याच्या दुकानात होती. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर काचा बदलायच्या आणि विचारायचं, "हे स्पष्ट दिसतंय, की हे?" लोक म्हणत, "दोन्ही सारखंच." बाबा तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणत, कारण घरातल्या तालमींना डॉक्टरांचं काम तीच करायची. आणि तिथेच सगळं अडलं होतं.

त्याचं असं झालं. मोठ्या डॉक्टरच्या हातून आजवर एकही पेशंट दगावला नव्हता. लेखकांनी ठरवलं की आता त्याचा हात थरथरायला लागावा आणि एक पेशंट जावा. वॉर्डातल्या बाकी सगळ्या पेशंटांचे करार झालेले होते. उरले बाबा.

बाबा हरखून घरी आले. "मला मरण दिलंय! समोरून कॅमेरा! अख्खा चेहरा!"

"बोलायचंय का काही?" आईने विचारलं.

"मेल्यावर काय बोलणार?"

"मरायच्या आधी म्हणते मी."

"नाही. पण मोठा डॉक्टर माझ्यासाठी रडणार आहे. मानधन त्याचं, अश्रू माझे."

पण अडचण निराळीच निघाली. बाबांना आजारी पडता येत होतं, मरता येत नव्हतं. मेल्यावर त्यांना श्वास लागायचा. एवढ्या वर्षांत 'पेशंट जिवंत दिसला पाहिजे' म्हणून त्यांनी छाती ठळक हलवायची सवय लावून घेतली होती, ती आता सुटेना. म्हणून तालमी सुरू झाल्या. बाबा दिवाणावर आडवे होत, मुलगी गळ्यात मोजपट्टी स्टेथोस्कोपसारखी अडकवून येई, नाडी बघे आणि संहितेतलं वाक्य म्हणे, "आम्ही आमच्याकडून सगळं केलं. माफ करा." मग ती बाबांच्या छातीवर एक बिस्किट ठेवी. बिस्किट हललं की बाबा जिवंत. ज्याला आधी दिसेल त्याने ते खायचं. बिस्किट हमखास हले. कधी आई स्वयंपाकघरातून काही खवचट बोले आणि बिस्किट थेट जमिनीवर येई.

"तुमच्या मरण्याने माझं वजन वाढलं," आई म्हणे.

शेवटी एकदाचं चित्रीकरण झालं आणि बाबा दारातूनच ओरडले, "मेलो! पहिल्याच टेकला! श्वास म्हणून घेतला नाही!"

मुलगी तेव्हा दुकानात होती. म्हणून पुढच्या सुट्टीच्या दिवशी, जेवण झाल्यावर, तिने हट्ट धरला. "मला दाखवा ना."

"आत्ता? पोटभर जेवलोय गं."

"दाखवा हो बाबा. कलाकार झालात तर लगेच नखरे!"

बाबा आडवे झाले. डोळे मिटले. तिने मोजपट्टी गळ्यात घातली, मनगट धरलं, वाक्य म्हटलं, बिस्किट ठेवलं. बिस्किट हललं नाही. ती तोंडावर हात दाबून हसू आवरत राहिली. बिस्किट हललंच नाही.

"आई, लवकर ये! बाबांना जमलं!"

आई हात पुसत आली. वाकून पाहिलं. "अगंबाई! खरंच की. शिकले एकदाचे."

आणि दोघींनी टाळ्या वाजवल्या.

मग दोघी वाट बघत उभ्या राहिल्या, की आता हे उठतील आणि लवून नमस्कार करतील. आईने चहा टाकला. चहा आला. "उठा आता, पुरे झाला अभिनय." चहा निवला. बाबांना गार चहा चालत नसे. तेव्हा कुठे दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

खरा डॉक्टर आला, त्याने चष्मा पुसत सांगितलं, "क्षणात झालं असणार. कोणाला काही करता आलं नसतं." मुलीला सवयीने दिसलं ते हे, की त्याच्या काचांवर ओरखडेच ओरखडे होते. या माणसाला नीट दिसलं असेल यावर तिचा काही केल्या विश्वास बसेना. तो क्षण कुठला होता? वाक्याच्या आधीचा की नंतरचा? बाबा गेले म्हणून तिने तसं म्हटलं, की तिने म्हटलं म्हणून बाबा गेले? दुसरा प्रश्न वेडगळ आहे हे तिलाही कळत होतं. पण दुकानात गिऱ्हाइकासमोर काच बदलताना तोच येई. हे स्पष्ट दिसतंय, की हे?

तर मालिकेतल्या मरणाच्या आदल्या दिवशी, भागाच्या शेवटी, मोठ्या डॉक्टरचा हात थरथरला. म्हणजे उद्या. उद्या तो खाटेशी येणार, आणि घरातल्या घरात ते वाक्य पुन्हा म्हटलं जाणार. तिला ते ऐकायचं नव्हतं, आईला ऐकू द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानातून लवकर आली आणि टीव्हीच्या मागे हात घालून तिने केबलची वायर उपटली.

"वायर लाव," आई आतून म्हणाली. बघितलंसुद्धा नव्हतं.

"आज केबल गेली आहे वाटतं."

"गेली नाही, तू काढलीस. लाव. मला माहीत आहे आज काय आहे. हात थरथरला की माझी वेळ, असं सांगून ठेवलंय त्यांनी."

"मग कशाला बघायचं, आई?"

"त्यांनी एवढं मन लावून केलंय. बघायचं नाही?"

एवढ्यात काकू संत्रं घेऊन आल्या. पेशंटला भेटायला मोकळ्या हाताने जायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता होता. संत्रं त्यांनी टीव्हीवर ठेवलं, ते गडगडलं, तेव्हा टीव्हीच्या पायाशी ठेवलं. मुलीने वायर परत लावली आणि तिघी बसल्या. दिवाण सोडून.

भाग सुरू झाला. नर्सने मोठ्या डॉक्टरला सोडून जायची धमकी दिली. जुळ्या भावाने कुठल्यातरी कागदावर सही केली. मग कॅमेरा वॉर्डात शिरला आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा खिडकीशी न वळता सरळ कोपऱ्याकडे चालत गेला.

बाबांचा चेहरा पडदाभर झाला. जिवंतपणी तो एवढा मोठा कधीच नव्हता. गालावरचा, दाढी करताना नेहमी कापणारा तीळ दिसला. ओठाच्या कडेला दाबलेलं हसू दिसलं, पण ते हसू आहे हे घरच्यांनाच कळावं.

"किती पिवळे पडलेत हो!" काकू म्हणाल्या. "मी म्हणत होते ना, जिने चढू नका."

"गप्प बसा हो, वहिनी," आई म्हणाली.

मोठ्या डॉक्टरने नाडी पाहिली. त्याचा हात ठरल्याप्रमाणे थरथरत होता. त्याने कॅमेऱ्याकडे, म्हणजे सरळ या खोलीत पाहिलं. मुलीने कानांवर हात घेतले, पण उशीर झाला होता. तिचे स्वतःचेच ओठ हलत होते. "आम्ही आमच्याकडून सगळं केलं. माफ करा." टीव्हीतला आवाज आणि तिचा आवाज एकाच वेळी आले, आणि क्षणभर तिला असं वाटलं की दिवाणाची स्प्रिंग कुरकुरली.

चादर ओढली गेली. आता डॉक्टरला दोन्ही हातांत तोंड लपवून रडायचं होतं, आणि हातात पेशंटचा तक्ता होता. त्याने तो लाकडी तक्ता तसाच बाबांच्या छातीवर, चादरीवर ठेवला आणि रडू लागला. छान रडला. सगळं जग त्याच्याकडे बघत असणार.

तिघी मात्र तक्त्याकडे बघत होत्या. म्हणजे दोघी. काकू रडत होत्या.

तक्त्याला वर एक चकचकीत क्लिप होती. तिच्यावर वॉर्डातल्या दिव्याचा ठिपका पडला होता. ठिपका स्थिर होता. स्थिर होता. मग तो हळूच वर सरकला, आणि हळूच खाली आला.

"घेतला," आई म्हणाली.

मुलगी टीव्हीच्या आणखी जवळ सरकली.

"घेतला गं श्वास! पाहिलास ना?"

"पाहिला."

"काय? कोणी?" काकूंनी डोळे पुसले, पाहिलं, आणि ठिपका पुन्हा वर गेला तशा त्या ताडकन उठल्या. "अहो! जिवंत आहेत! अहो डॉक्टर, रडताय काय, तिकडे बघा!" त्यांनी टीव्हीवर थापा मारायला सुरुवात केली. डॉक्टरने लक्ष दिलं नाही. साबणाची जाहिरात लागली.

"खोटारडा माणूस!" आई हसत होती. "म्हणे पहिल्याच टेकला. म्हणे श्वास म्हणून घेतला नाही. दोनदा घेतला!" ती हसता हसता पुढे वाकली, पदर तोंडावर घेतला. मग ती हसत नव्हती, पण आवाज तसाच चालू राहिला. किती महिन्यांचा साठा होता कोण जाणे. काकूंनी संत्रं सोललं, एक फोड आईच्या हातात दिली, आणि आईने ती नुसती धरून ठेवली.

"आई," मुलगी म्हणाली, "त्या दिवशी मीच त्यांना झोपवलं. जेवले होते, नको म्हणत होते. आणि ते वाक्य मी म्हटलं."

"हं."

"मी म्हटलं आणि बिस्किट हललं नाही."

आईने नाक पुसलं. "तू डॉक्टर आहेस का?"

"नाही."

"चष्मे विकतेस. तुझ्या म्हणण्याने कोणी मरतं का? हा एवढा मोठा डॉक्टर, त्याने हात थरथरवून म्हटलं, तरी ऐकलं का त्यांनी?" ती थांबली. "आणि टाळ्या मीही वाजवल्या. तुझ्याहून मोठ्याने."

मुलीने दिवाणाकडे पाहिलं. तो कुरकुरला नाही.

जाहिराती संपल्या. वॉर्ड दिसला. खिडकी तीच, ऊन तेच. सात नंबरची खाट रिकामी होती. गादी गुंडाळून ठेवली होती आणि तिच्यावर घडी केलेली चादर होती, कडा सरळ ओढून.

"एवढ्यात खाट रिकामी केली?" काकूंचा आवाज चढला. "अंग गार तरी होऊ द्यायचं!"

आई उभी राहिली. पदर खोचला. कचेरीत तिच्यासमोर भले भले साहेब गप्प व्हायचे, ते जिच्यामुळे, ती मुद्रा तिच्या चेहऱ्यावर आली.

"कागद आण."

"कशाला?"

"अर्ज करायचाय. माणूस श्वास घेतोय आणि मृत घोषित केलाय. तीन साक्षीदार आहेत."

"आई, ते हॉस्पिटल प्लायवुडचं आहे. मागे भिंतसुद्धा नाही."

"पाटी आहे ना? रोज दिसते. पाटी आहे म्हणजे कार्यालय आहे. कार्यालय आहे म्हणजे आवक आहे. लिही."

मुलीने कागद आणला. लिहायला टेकायला काही सापडेना, तेव्हा ती उठली आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा दिवाणाच्या कडेवर बसली. स्प्रिंग दबली. कोणीतरी जरा सरकून जागा करून दिल्यासारखी दबली. ती उठली नाही. आई सांगत गेली, ती लिहीत गेली. एक वाक्य मात्र आईने सांगितलं नव्हतं, ते तिने स्वतःचं घातलं. आईने वाचताना ते पाहिलं, त्याच्यावरून बोट फिरवलं आणि काही न बोलता सही केली.

*

प्रति,
माननीय वैद्यकीय अधीक्षक,
टीव्हीवरील हॉस्पिटल.

विषय : खाट नंबर सात रिकामी न करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या रुग्णालयातील खाट नंबर सातवरील रुग्णास आजच्या भागात मृत घोषित करण्यात आले. तथापि घोषणेनंतर सदर रुग्णाने दोन वेळा श्वास घेतल्याचे त्याच्या कुटुंबीयांनी व शेजाऱ्यांनी समक्ष पाहिले आहे. तक्त्याची क्लिप तपासावी.

सदर रुग्णाविषयी आमची कोणतीही तक्रार नाही. त्यास कोणता आजार आहे हे आपण आजवर कळविलेले नाही व यापुढेही कळविण्याची आवश्यकता नाही. त्यास बरे करण्याची घाई नाही. घरी सोडण्याबाबत आमचा आग्रह नाही. आग लागल्यास मात्र उठवावे.

रुग्णास मृत घोषित करणाऱ्या डॉक्टरांनी घाई केली, असे त्या डॉक्टरांचे स्वतःचेही मत झाले असून, त्यांचे वाक्य मागे घेण्यात आल्याचे समजावे.

तरी दाखला प्रलंबित ठेवून, गादी पूर्ववत अंथरून, सदर रुग्णास खिडकीखालील त्याच जागी पुन्हा दाखल करून घ्यावे, आणि रोज संध्याकाळी, कॅमेरा दुसरीकडे असला तरी चालेल, त्याचा श्वास चालू ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती.